पलीकडे असेलच

माझी भाची पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करते. मागच्या दिवाळीत ती सांगलीला विश्रामबागेत आमच्याकडे आली होती. फराळाचं ताट समोर, आणि ही फोनवर कुणाला तरी झाडतेय. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय गं, कुणाचं काय चुकलं? म्हणाली, "मामा, एकानं मुदत संपली म्हणून बॅकअप पुसून टाकला. मूळ माहिती शाबूत आहे का, ते बघितलंच नाही. त्याला वाटलं, दुसरीकडे असेलच." मग ती मला बॅकअप म्हणजे काय ते समजावून सांगायला लागली. मूळ कुठं ठेवायचं, प्रत कुठं ठेवायची, कुठली प्रत किती दिवस जपायची. मी म्हटलं, "पोरी, तू चकली खा. हे मला शिकवू नकोस. हे सगळं मी काडी लावून जाळलंय, आणि खाली सही पण केलीय."

ती हसली. मला हसू आलं नाही. या अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवलं होतं की नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती होत्या, एकदोन सांगतोही. पण आठवायला बसलो की आधी राग येतो, आणि इतक्या वर्षांनी तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

मी तालुका कचेरीत रेकॉर्ड कीपर होतो. लोक समजायचे, हा उंदरांचा शेजारी. कचेरीच्या मागच्या अंगाला लांबट खोली, तिला उंचावर दोन झरोके, आणि भिंतीभर लाकडी मांडण्या. मांडण्यांवर रुमाल. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, लाल जाड कापडात गाठ मारून बांधलेला कागदांचा गठ्ठा. प्रत्येक रुमालावर चिठ्ठी असायची, गाव कुठलं, साल कुठलं, आणि वर्ग कुठला.

हा वर्ग म्हणजे कागदाचं आयुष्य. अ वर्ग कायमचा, तो कधी मरत नाही. ब वर्गाला तीस वर्षं. क वर्गाला त्याहून कमी. ड वर्गाला वर्षभर, म्हणजे कुणाचा रजेचा अर्ज, कुणाची पोच. मुदत संपली की मी यादी करायची, साहेबांची मंजुरी घ्यायची आणि कागद फाडायचे किंवा जाळायचे. गंमत अशी की ती नष्ट केलेल्या कागदांची यादी मात्र कायम जपायची. काय जाळलं ते अमर, जे जाळलं ते गेलं.

नोकरीची सुरुवात मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात केली. तिथं पाणी भरपूर, ऊस भरपूर, त्यामुळे कागदाला ओल आणि कसर हे रोजचं दुखणं. एकदा दोन गावांत शिवेवरून भांडण पेटलं, कुऱ्हाडी निघाल्या. नकाशा मागितला तर आमच्याकडच्या नकाशाची वाळवीनं चाळणी केलेली. पण मला ठाऊक होतं की त्याची दुसरी प्रत जिल्ह्याला असते. मी पहाटेच्या एसटीनं गेलो, तिथल्या रेकॉर्डात दिवसभर खाली मान घालून बसलो, आणि नकाशाची नक्कल उतरवून आणली. शीव ठरली. त्या गावचे एक पेन्शनर सुभेदार होते, त्यांनी मला मांडीला मांडी लावून जेवायला बसवलं आणि म्हणाले, "गड्या, तू कागद काढलास म्हनून दोनचार डोकी शाबूत ऱ्हायली." तेव्हा मी पंचविशीचा होतो. छाती फुगली. वाटलं, आपलं काम म्हणजे काय ते आपल्याला कळलं.

काहीही कळलं नव्हतं.

पुढं माझी बदली माणदेशाकडच्या एका दुष्काळी तालुक्यात झाली. कुठल्या ते लिहीत नाही, शोधू पण नका. तिथं दर बाजारच्या दिवशी एक म्हातारा यायचा. त्याच्या तीन एकराच्या वाटणीचा कागद आमच्याकडे होता. दारात उभा राहून विचारायचा, "हाय न्हवं?" मी म्हणायचो, आहे. "बगू." मग रुमाल सोडायचा, कागद काढायचा, त्याला दाखवायचा. वाचता येत नव्हतं, पण तो कागदावरच्या शिक्क्यावर बोट ठेवायचा आणि निघून जायचा. पुढच्या बाजारला परत हजर. आम्ही कारकून मंडळी त्याची नक्कल करून हसायचो. सगळ्या कचेरीत शहाणा तेवढा तोच होता, हे कळायला मला काही वर्षं लागली.

आता जन्ममृत्यूच्या वह्यांचं सांगतो. जुन्या काळी गावचा पोलीस पाटील जन्ममृत्यूची वही ठेवायचा, आणि दर महिन्याला तिची नक्कल तालुक्याला पाठवायचा. मूळ गावात, नक्कल आमच्याकडे. पाटलाचं घर जळलं किंवा घरात वाटण्या होऊन वही भावकीत हरवली, तरी नक्कल इकडे राहावी. ज्यानं ही पद्धत लावली तो माणूस डोक्यानं चांगला होता. पुढं पाटीलकी गेली, वह्या ग्रामपंचायतीकडे गेल्या. नकला आमच्याकडेच.

बाहत्तरचा दुष्काळ आला. रस्त्यांची, तलावांची कामं निघाली, आणि टिकाव, खोरी, घमेली ठेवायला कचेरीत जागा पुरेना. आमचे अव्वल कारकून म्हणजे मामलेदारांच्या खालचे पहिले. त्यांनी माझ्या खोलीत येऊन नजर फिरवली आणि म्हणाले, "ही अर्धी भिंत मोकळी करा. जन्ममृत्यूच्या नकला काढून टाका."

मी म्हटलं, "साहेब, हे कायम वर्गातलं आहे."

"मूळ वही कायम. नक्कल नव्हे. मूळ गावात आहे म्हटल्यावर ही दुबार प्रत. दुबार ड वर्गात जाते."

"मूळ वह्या आहेत का ते गावोगाव फिरून बघतो. पंधरा दिवस द्या."

"अहो, तुम्ही कागदांचे रखवालदार आहात की नवरे? कोतवालांच्या हाती चिठ्ठ्या धाडा. उत्तरं येतील ती जोडा."

सगळी कचेरी हसली. मी पण हसलो, याची मला अजून लाज वाटते. चिठ्ठ्या गेल्या. सगळ्या गावांतून उत्तर आलं, "वह्या आहेत." एकही गाव नाही म्हणालं नाही. इतकी एकमुखी उत्तरं आली की तिथंच संशय यायला हवा होता. मी यादी केली आणि खाली लिहिलं, मूळ वह्या गावी अस्तित्वात असल्याची खात्री केली आहे. खाली माझी सही. अव्वल कारकुनांचा हुकूम तोंडी होता. कागदावर मी एकटाच.

भर दुपारी कचेरीच्या मागं जाळ केला. पलीकडे दुष्काळी कामाच्या मजुरांची रांग लागलेली होती. त्यातली एक बाई मला म्हणाली, "आवं, चुलीला तरी द्यायचं. सर्पान मिळंना झालंय." नियमात तसं बसत नव्हतं. मी नियम पाळला. कागद राख होईपर्यंत काठी घेऊन उभा राहिलो.

त्यानंतर तीनचार वर्षांनी मायाक्का आली.

ती धनगराची विधवा, आमच्याच तालुक्यातल्या एका वाडीची. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि मागं तिचा मुलगा बिरू. दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागेल इतका उंच. दुष्काळात मेंढरं गेली होती, उरली ती बोटावर मोजण्याइतकी. बिरूला लष्करात घालायचं तिनं मनावर घेतलं होतं. पहिल्या तपासणीत उंची, छाती, धावणं सगळं पास झालं. अडलं ते वयावर. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून. आमच्याकडे निम्मा मुलूख एक जूनला जन्मलेला आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकतात.

"मास्तरनं एक वरीस मोटा लिवला," मायाक्का सांगत होती. "वर्गात पोरं कमी पडत्यात म्हनून. आता मिल्ट्रीवालं म्हनत्यात, वय चार म्हैनं जास्त भरतंय. तालुक्याचा दाकला आना, मग घेतो. नऊ दिसांनी सांगलीला बोलीवलंय. तेवडं काडून द्या, भाऊसायेब."

"मावशी, जन्म नक्की कधीचा?"

"आखाडातला. ल्योक झाला म्हनून त्येचा बा मला घिऊन पाटलाच्या सोप्यात गेलता. पाटलानं माज्या म्होरं लिवलं. शाई सांडली वयीवर, त्येनं मातीनं टिपली. त्ये पान डागाचं हाय बगा, लगीच घावंल. लिवल्यालं हाय. म्या डोळ्यानं बगितलंय."

तिला अक्षर येत नव्हतं, पण लिहिताना बघितलं होतं, आणि तिच्या लेखी तेवढं पुरे होतं. मी आत गेलो. त्या भिंतीशी गंजलेल्या टिकावांचा ढीग पडला होता. तो बघून बाहेर आलो आणि म्हटलं, "मावशी, परवा या. शोधावं लागेल." पहिलं खोटं ते.

दुसऱ्या दिवशी सायकल काढून त्यांच्या गावाला गेलो. ग्रामसेवक पंचायतीत बसलेला होता. वही मागितल्यावर त्यानं आधी मला चहा पाजला. मग म्हणाला, "त्या पाटलाकडनं आल्या तवाच वाळवी लागलेली हुती. समदं भुसकाट. ठराव करून जाळल्या."

"कधी?"

"लय झालं. दुष्काळाच्या आदी."

"मग आमच्या चिठ्ठीवर 'आहेत' असं का लिहिलं?"

"जाळल्या म्हनून लिवलं असतं तर तुमी माजीच मान धरली असती. आन् काय बिगडलं? तालुक्याला नक्कल असतीयाच की." माझा चेहरा बघून त्यानं कप खाली ठेवला. "साहेब, हाय न्हवं तुमच्याकडं?"

मी त्याच्यावर इतका ओरडलो की बाहेर माणसं गोळा झाली. त्याला नालायक म्हणालो, आणखी बरंच म्हणालो. परत येताना सायकलवर लक्षात आलं की त्यानं आणि मी केलं ते एकच काम आहे. त्यानं जाळलं कारण माझ्याकडे होतं, मी जाळलं कारण त्याच्याकडे होतं. फरक इतकाच की बघून यायला हवं हे मला कळत होतं. त्याला तेही कळत नव्हतं.

मायाक्का आल्यावर मी तिला नोंद सापडत नाही एवढंच सांगितलं. जाळली हे नाही सांगितलं. पण कागद गेला तर त्याच्या आजूबाजूचे कागद शोधायचे, ही सवय अंगात होती. म्हणून विचारलं, "मावशी, बिरू लहान असताना गावात आणखी कुठला सरकारी माणूस येऊन काही लिहून गेला का?"

तिनं बिरूची बाही वर सरकवली. दंडावर देवीच्या टोचणीचा वाटोळा व्रण. "द्येवीचा डाक्टर," ती म्हणाली. "टोचलं आन् लिवून घेतलं. आट दिसानं परत आला, उटलंय का बगाया."

देवी डॉक्टर म्हणजे गावोगाव फिरून देवीची लस टोचणारा आरोग्य खात्याचा माणूस. डॉक्टर नव्हे, पण लोक डॉक्टरच म्हणायचे. आमच्या भागात त्या काळी फिरायचे ते आता रिटायर होऊन वडूजला राहत होते. मी एसटीनं वडूज गाठलं. म्हातारा अंगणात लिंबाच्या सावलीत बसला होता. काम सांगितल्यावर उठला आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक ओढून खाली काढली. आत वह्या, सालवार, सुतळीनं बांधलेल्या.

मी म्हटलं, "दादा, यांची मुदत केव्हाच संपली की. नियमानं तुम्ही या फाडायला हव्या होत्या."

"व्हय. वरनं कागद आलता, फाडा म्हनून." त्यांनी वहीवरची धूळ फुंकली. "पोराच्या दंडावरची खून मरस्तोवर ऱ्हाती, आन् वही पाच वर्सांत फाडायची व्हय रं? कसला नियम म्हनायचा ह्यो! म्या न्हाई फाडल्या. घाल म्हनावं मला तुरुंगात."

अर्ध्या तासात पान निघालं. गाव, वाडी, बापाचं नाव, मुलगा बिरू, वय तीन महिने, टोचलं, आठवड्यानं पाहिलं, उठलं. तारीख ऑक्टोबरमधली. तिथनं तीन महिने मागं गेलं की आषाढ येतो. मायाक्काचा शब्द न् शब्द खरा होता. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलोही.

तोपर्यंत चार दिवस गेले होते. पाचव्या दिवशी वही घेऊन मी अव्वल कारकुनांपुढं उभा राहिलो. तेच साहेब. त्यांनी पान बघितलं, वही मिटली.

"ही वही मुदतबाह्य आहे. नष्ट व्हायला हवी होती. जो कागद नियमानं अस्तित्वातच नाही, त्याच्यावरनं दाखला कसा द्यायचा?"

"साहेब, कागद तुमच्या हातात आहे."

"हातात आहे हो. नियमात नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकच वाट आहे. मामलेदारांकडे चौकशीला प्रकरण घाला. पण त्यात लिहावं लागेल, कचेरीची नक्कल का नाही. म्हणजे तुमची ती यादी निघेल. तुमची सही निघेल. बायकापोरं आहेत तुम्हाला. बघा विचार करून."

मी विचार केला. दोन दिवस केला. अर्ज लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता, आणि खण उघडून बंद करत होतो. माझी बढती तोंडावर आली होती. मायाक्का रोज येऊन कचेरीच्या पायरीवर बसत होती, आणि मी तिच्याकडे न बघता मागच्या दारानं ये-जा करत होतो. अव्वल कारकुनांचा मला राग आहे, ग्रामसेवकाचा आहे, पण या दोन दिवसांचा जो आहे त्यापुढं ते काहीच नाही. त्या माणसांनी अडवायच्या आधी मीच अडलो.

सातव्या दिवशी अर्ज घेऊन मामलेदारांकडे गेलो. त्यात सरळ लिहिलं होतं, मूळ वह्या न पाहता मी खात्री केल्याचं लिहिलं आणि नकला नष्ट केल्या. मामलेदार नवीन होते, माणूस सरळ. त्यांनी वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्याच दिवशी चौकशी लावली. गावात जबाब झाले, पंचनामा झाला, देवी डॉक्टर वडूजहून स्वतः येऊन साक्ष देऊन गेले. सगळ्याला तीन दिवस लागले. कुणी उशीर केला नाही. दहाव्या दिवशी सकाळी बिरूच्या जन्माची नोंद मंजूर झाली.

सांगलीची भरती नवव्या दिवशी होऊन गेली होती.

बिरू तिथं गेला होता, कागदाशिवाय. त्याला परत पाठवलं. पुढची भरती लागेपर्यंत त्याचं खरं वयसुद्धा बसेना. माझ्या सेवापुस्तकात ठपका बसला आणि बढती लांबली, त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. अव्वल कारकून वेळेवर, मानानं, हार घालून घेऊन रिटायर झाले.

मायाक्का दाखला न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, जाळ, सही, आणि खणातले दोन दिवस. वाटलं होतं ओरडेल, शिव्या घालेल. बरं वाटलं असतं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी त्ये डागाचं पान तुमीच जाळलंसा."

"हो, मावशी. आता या दाखल्याचा बिरूला तसा उपयोग नाही. पण नेऊन ठेवा."

"ठेवनार की. माजं प्वार जलमलं हुतं, ह्ये कुटंतरी लिवल्यालं असूं दे." तिनं दोन बोटं वर केली. "पर मला दोन द्या. एक माज्याकडं ऱ्हाईल, एक वडूजला त्या डाक्टराच्या टरंकंत ठिवते."

मी म्हटलं, "एक इथं कचेरीतही राहणार आहे, मावशी. कायम वर्गात."

"ऱ्हाऊं द्या की," ती म्हणाली. "तुमच्यातली म्या धरतच न्हाई."

मी दोन नकला लिहिल्या. दोन्ही मूळ नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून बघितल्या, तिला वाचून दाखवल्या, आणि मग सही केली.